विहीर, गोठा व घर येथील विजेच्या तारांची मांडणी आणि निगा

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली, त्या काळी राज्यातील बागायत मुख्यतः मोटेवर व काही ठिकाणी तेलाच्या इंजिनावर अवलंबून होती. पुढील काही दशकांत खेडोपाडी वीज पोहोचली. मोट जाऊन तिच्या जागी विजेवर चालणारा पंप आला. पाणी उपसण्याचे कष्ट त्यामुळे पुष्कळच हलके झाले, यात शंका नाही. परंतु मोटेच्या काळातील एक चांगली सवय मात्र तिच्याबरोबर नाहीशी झाली. बैल धावेवर घेण्यापूर्वी शेतकरी नाडा व सोंदूर हातात घेऊन पाहत असे. कोठे पीळ सुटला आहे काय, कोठे झिजले आहे काय, हे तो तपासत असे आणि मगच मोट विहिरीत सोडत असे. आज नाड्याची जागा केबलने घेतली आहे. तथापि केबलकडे मोटर बंद पडेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही.

नाडा तुटला तर मोट विहिरीत पडे, एवढेच. केबल फाटली तर माणूस जातो, बैल जातो, आणि पुष्कळदा एकाला सोडवावयास धावलेला दुसराही जातो. असे अपघात बहुधा पावसाळ्यात, घाईच्या वेळी व रात्री घडतात. त्यांची कारणे तपासली असता असे दिसून येते की, त्यांपैकी बहुतेक कारणे अगोदर डोळ्यांना दिसण्याजोगी असतात. जमिनीवर लोळत पडलेली केबल, उघडा राहिलेला जोड, खिळ्याला गुंडाळलेली तार, मोडलेला प्लग ही ती कारणे होत. ती दूर करण्यास फारसा खर्च येत नाही. त्यासाठी तारांची मांडणी व्यवस्थित करणे व ती तशीच राखणे, एवढेच पुरेसे आहे.

तार धोक्याची केव्हा होते?

केबलच्या आत तांब्याचे अगर अॅल्युमिनियमचे वाहक असतात व त्यांवर प्लॅस्टिकचे आवरण असते. हे आवरण शाबूत आहे तोवर वीज आपल्या वाटेने जाते. ते फाटले, तडकले किंवा वितळले, म्हणजे विजेला जमिनीकडे जाण्यास दुसरी वाट मिळते. ओली भिंत, लोखंडी पाइप, पंपाचे आवरण, जनावराची साखळी किंवा माणसाचे शरीर, यांपैकी कोणतीही वस्तू ही वाट होऊ शकते.

आवरण खराब होण्याची कारणे ठरलेली आहेत. सतत उन्हात पडलेल्या साध्या केबलचे आवरण कडक होते व त्यास चिरा पडतात. बैलाचे खूर, बैलगाडीचे व ट्रॅक्टरचे चाक यांखाली ते चिरडते. पत्र्याच्या धारेवरून किंवा विहिरीच्या कठड्याच्या दगडावरून केबल गेली असेल तर वाऱ्याने व पंपाच्या हादऱ्याने ती तेथे घासत राहते. उंदराचे पुढील दात सारखे वाढत असतात आणि ते झिजविण्यासाठी तो काही ना काही कुरतडीत असतो. धान्याच्या कोठीतील तार त्याला लाकडाइतकीच सोयीची वाटते. शेवटचे कारण उष्णता हे होय. वाहक बारीक असून भार जास्त असला किंवा जोड सैल असला, तर तार आतून तापते व आवरण मऊ पडते.

विजेचा किती प्रवाह माणसास घातक होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. शरीरातून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह गेला तर नुसत्या मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू आखडतात व धरलेली तार सोडू म्हटले तरी सुटत नाही. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह छातीतून काही काळ वाहिल्यास श्वासोच्छ्वास व हृदयक्रिया बंद पडण्याचा संभव असतो. अंग कोरडे असता त्वचा विजेला बराच अडथळा करते. अंग घामाने किंवा पावसाने भिजले असता आणि पाय चिखलात असता हा अडथळा फारच कमी होतो. कोरड्या दिवसात ज्या मोटरीला हात लावून काही झाले नाही, तीच मोटर मृगाच्या पहिल्या पावसानंतर प्राणघातक ठरते, त्याचे कारण हेच.

पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटर पूर्ण भारावर सुमारे ८ अँपिअर, म्हणजे ८,००० मिलिअँपिअर प्रवाह घेते. तिच्यासाठी बसविलेला फ्यूज त्याहून मोठ्या प्रवाहालाच वितळतो. माणसाच्या शरीरातून जाणारे ३० किंवा ५० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. सबब, ‘फ्यूज आहे, म्हणून भीती नाही’ असे समजणे चुकीचे आहे. फ्यूज तारांचे व यंत्राचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण चांगले आवरण, चांगले अर्थिंग व गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ईएलसीबी यांमुळे होते.

विहिरीवरील केबल

केबलची निवड करताना मोटरीची अश्वशक्ती आणि मीटरपेटीपासून विहिरीपर्यंतचे अंतर, ह्या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. पुष्कळ शेतकरी फक्त अश्वशक्ती पाहतात व अंतराचा विचार करीत नाहीत. एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. पाच अश्वशक्तीची मोटर पेटीपासून २०० मीटर अंतरावर आहे व ती ८ अँपिअर प्रवाह घेते, असे समजू. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची केबल वापरल्यास वाटेतच सुमारे २७ व्होल्ट दाब खर्ची पडतो. ४ चौरस मिलिमीटरची केबल वापरल्यास हीच घट सुमारे १० व्होल्ट होते. पहिल्या केबलमध्ये सुमारे ४६५ वॅट शक्ती नुसती उष्णतेत जाते, तर दुसरीत सुमारे १७७ वॅट. आठ तास पंप चालला तर हा फरक दोन युनिटांहून अधिक भरतो. मुळातच दाब कमी असलेल्या गावी पहिल्या शेतकऱ्याची मोटर आणखी कमी दाबावर चालते, जादा प्रवाह ओढते, तापते व तिचे वाइंडिंग जळते. केबलच्या खरेदीत वाचविलेले पैसे याप्रमाणे एका हंगामातच वाइंडिंगच्या दुरुस्तीत जातात. अॅल्युमिनियमची केबल घ्यावयाची झाल्यास ती त्याच कामासाठी तांब्यापेक्षा जाड लागते, हेही ध्यानात ठेवावे. केबलवर भारतीय मानक ब्युरोचे आय.एस.आय. चिन्ह आहे की नाही, हे पाहूनच ती खरेदी करावी.

पाण्यात बुडणाऱ्या पंपाकरिता तीन वाहकांची चपटी केबल मिळते, तीच वापरावी. पंप विहिरीत सोडताना किंवा वर काढताना केबलला धरून कधीही ओढू नये. पंपाचे वजन पाइपाने व दोराने पेलावयाचे असते. केबलने फक्त वीज न्यावयाची असते. केबल ओढली गेल्यास पंपाजवळील जोड ताणला जातो, त्यात पाणी शिरते आणि पंप पुन्हा वर काढण्याची पाळी येते. पाइप खाली सोडीत असतानाच सुमारे दर ३ मीटरवर, म्हणजे १० फुटांवर, केबल पाइपाला प्लॅस्टिकच्या पट्टीने अगर रबरी बंदाने बांधीत जावे. लोखंडी तारेने बांधू नये. ती आवरणात रुतते. पाइप प्लॅस्टिकचा असल्यास तो पाण्याच्या व पंपाच्या भाराने थोडा लांबतो. यास्तव दोन बांधांमधील केबल किंचित सैल ठेवावी. विहिरीच्या काठावर जेथे केबल दगडावरून वळते, तेथे तिच्यावर रबरी नळीचा तुकडा चढवावा.

शक्य तोवर पेटीपासून पंपापर्यंत केबल अखंड असावी. जोड द्यावाच लागला तर तो पाण्याच्या पातळीच्या वर, हाताला येईल अशा जागी द्यावा. तीन वाहकांचे जोड एकाच जागी न घेता पुढेमागे घ्यावेत, म्हणजे एखाद्या जोडावरील टेप सुटली तरी दोन फेज एकमेकांस चिकटत नाहीत. वाहक स्वच्छ करून तांब्याच्या नळीत घालून दाबून घ्यावेत. त्यावर प्रथम रबरी टेप ओढून गुंडाळावी व तिच्यावर प्लॅस्टिकची टेप द्यावी. पाण्यात राहणारा जोड जलरोधक सामान वापरून जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावा. तांबे व अॅल्युमिनियम यांना एकत्र पीळ देऊन जोडू नये. ओलाव्यात त्या दोन धातूंच्या संयोगाने अॅल्युमिनियम झिजते, जोड सैल होतो व तापतो. अशा जोडासाठी दोन्ही धातूंची मिळणारी खास नळी वापरावी.

उरलेली केबल वेटोळे करून पेटीखाली टाकून देण्याची चाल फार आहे. घट्ट वेटोळ्यात निर्माण झालेली उष्णता बाहेर पडू शकत नाही व आतील फेऱ्यांचे आवरण वितळू लागते. पंप वर काढण्यासाठी काही केबल शिल्लक ठेवणे जरुरीचे असल्यास ती मोठ्या सैल फेऱ्यांनी भिंतीवरील लाकडी खुंट्यांवर, जमिनीपासून उंच टांगावी.

स्टार्टरची पेटी झाडाच्या फांदीला किंवा दोन काठ्यांना बांधून ठेवलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. तिच्यासाठी पक्क्या भिंतीची किंवा खांबाची जागा करावी. वर पत्र्याचे छप्पर असावे व पेटी छातीइतक्या उंचीवर असावी. केबल पेटीत खालच्या बाजूने घ्यावी व पेटीपूर्वी तिला खाली झुकता वळसा द्यावा. असे केल्याने केबलवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडते व पेटीत शिरत नाही. प्रत्येक भोकाला रबरी कडे किंवा ग्लँड बसवावे. बुजविल्याशिवाय राहिलेल्या भोकातून पाली, मुंग्या व गांधीलमाश्या आत जातात आणि संपर्काच्या जागी अडकून बिघाड करतात. पेटीसमोर उभे राहण्यासाठी कोरडी लाकडी फळी अगर रबरी पट्टी घालून ठेवावी.

मळ्यातून जाणारी केबल

पेटी एका बांधावर आणि विहीर दुसऱ्या बांधावर असली म्हणजे केबल पिकातून न्यावी लागते. ती सरीतून किंवा उसाच्या पाचटाखालून नेणे अत्यंत धोक्याचे आहे. खुरपणाऱ्या मजुरास ती दिसत नाही, कोयत्याचा घाव तिच्यावर पडतो, आणि पाणी दिलेल्या सरीत तिची गळती लांबवर पसरते. पाचट पेटविले गेल्यास तर केबलही जळते.

केबल जमिनीखालून न्यावयाची झाल्यास चिलखती केबल वापरावी व ती कमीत कमी ७५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अडीच फूट खोल पुरावी. नांगराचा फाळ एवढ्या खोलीपर्यंत जात नाही. गाडीरस्ता ओलांडताना खोली १ मीटर ठेवावी व तेथे केबल पाइपातून न्यावी. चराच्या तळाशी वाळूचा थर द्यावा, त्यावर केबल ठेवावी, पुन्हा वाळू टाकून विटांचा एक थर रचावा व मग माती भरावी. पुढे कोणी खणू लागले तर प्रथम विटा लागतात व तो सावध होतो. केबल ज्या वाटेने गेली असेल त्या वाटेवर ठिकठिकाणी खुणेचे दगड पुरावेत आणि तिचा एक साधा नकाशा कुटुंबातील सर्वांना माहीत असावा. वाटण्या झाल्यावर किंवा जमीन बटईने दिल्यावर नवीन कसणाऱ्याला केबलची जागा ठाऊक नसल्याने अपघात घडतात.

केबल वरून न्यावयाची असेल तर ती नुसती ताणू नये. दोन पक्क्या खांबांमध्ये जस्ताचा मुलामा दिलेली तार ताणून बसवावी व केबल तिला थोड्या थोड्या अंतरावर टांगावी, म्हणजे भार त्या तारेवर येतो. कडब्याने भरलेली गाडी व तिच्यावर बसलेला माणूस हे दोन्ही खालून सहज जातील एवढी उंची राखावी. जिवंत झाडाचा खांबासारखा उपयोग करू नये. झाड वाऱ्याने हलते व केबल तुटते. विद्युत वितरण कंपनीच्या खांबाला किंवा त्याला दिलेल्या ताणाला केबल, गुरे अगर कपड्यांची दोरी बांधू नये. वाहिनीच्या खाली कडब्याची गंज किंवा उसाच्या वाढ्यांचा ढीगही रचू नये.

अर्थिंग

आवरण फाटले व मोटरीच्या लोखंडी भागात वीज उतरली, तर तिला माणसाच्या शरीरापेक्षा सोपी वाट मिळवून देणे, हा अर्थिंगचा हेतू आहे. तीन फेजच्या मोटरीला दोन स्वतंत्र अर्थिंग देणे नियमाने आवश्यक आहे. एक तुटले तर दुसरे कामास येते. पाइपाचे अर्थिंग करताना किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा व किमान २.५ मीटर लांबीचा जस्तलेपित पाइप उभा पुरावा. त्याच्या सभोवार कोळसा व मीठ यांचे थर भरावेत व वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवावे. खड्डा इमारतीपासून किमान दीड मीटर दूर असावा. उन्हाळ्यात जमीन सुकली म्हणजे अर्थिंगचा गुण कमी होतो. म्हणून मधूनमधून त्यात पाणी ओतीत जावे. अर्थिंगची तार खिळ्याने किंवा नुसत्या पिळाने न जोडता बोल्टने आवळावी. विहिरीच्या पाइपाला अगर लोखंडी पायऱ्यांना तार गुंडाळून अर्थिंग झाले असे मानू नये. तसे केल्याने गळतीची वीज पाणी भरावयास आलेल्या माणसाच्या हातापर्यंत आपणच आणून पोहोचवितो.

घर व गोठा

गुरांना विजेचा धोका माणसापेक्षा अधिक असतो. त्यांचे पुढचे व मागचे पाय यांत अंतर जास्त असते. ओल्या जमिनीत वीज उतरली असता त्या दोन जागांच्या दाबात फरक पडतो व प्रवाह पायांतून चढून छातीतून जातो. शिवाय त्यांच्या पायांत चप्पल नसते व गोठ्यातील जमीन मुताने भिजलेली असते. यास्तव गोठ्यातील सर्व तारा जनावराचे तोंड व शिंगे पोहोचणार नाहीत अशा उंचीवर प्लॅस्टिकच्या पाइपातून न्याव्यात. बटन गोठ्याबाहेर, कोरड्या जागी ठेवावे. दावे बांधण्याचा लोखंडी खुंटा व तार यांचा कोठेही संबंध येऊ देऊ नये.

कडबाकुट्टी यंत्राची केबल जमिनीवर पसरलेली असते आणि तिच्यावर चारा पडून ती झाकली जाते. पुढे चारा गोळा करताना विळा तिच्यावर चालतो, किंवा चाऱ्याबरोबर ती यंत्राच्या तोंडी जाते. यंत्राची जागा कायमची ठरवून, तेथे भिंतीवर स्वतंत्र प्लग बसवावा व केबल वरून आणावी. काम संपताच प्लग काढून केबल गुंडाळून टांगावी. प्लग काढताना तारेला न ओढता प्लगला धरून ओढावे. उघड्या तारांची टोके काडीने खोचून वीज घेण्याची पद्धत सर्वथा बंद करावी.

घरात तार खिळ्यांवरून, दाराच्या फटीतून किंवा पत्र्याच्या भोकातून नेलेली नसावी. पत्र्यातून ती न्यावयाचीच झाल्यास भोकात प्लॅस्टिकची नळी बसवावी. भिंतीवरील तारा केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून अगर पाइपातून न्याव्यात व त्या सॅडलने पक्क्या कराव्यात. तारा सरळ उभ्या किंवा आडव्या रेषेत गेल्या म्हणजे पुढे खिळा ठोकणाऱ्यास त्यांचा अंदाज येतो. तिरक्या गेलेल्या तारेवर खिळा बसण्याचा संभव असतो. धान्याच्या कोठीतील तारा लोखंडी पाइपातून न्याव्यात, म्हणजे उंदरांचा उपद्रव होत नाही. ह्या लोखंडी पाइपाला अर्थिंग जोडण्यास विसरू नये. चुलीच्या व गॅसच्या वरून तार नेऊ नये.

कपडे वाळत घालण्याच्या तारेबाबत विशेष इशारा देणे जरूर आहे. पुष्कळ घरी ही लोखंडी तार एका टोकास घराच्या वाशाला व दुसऱ्या टोकास विजेच्या खांबाला बांधलेली असते, किंवा घरात येणारी जोडणीची तार तिच्यावर टेकलेली असते. वरील आवरण घासून निघाले की सबंध तारेत वीज उतरते आणि ओले कपडे घेऊन आलेली गृहिणी तिला बळी पडते. याला उपाय अगदी सोपा आहे. लोखंडी तार काढून सुताची, काथ्याची किंवा नायलॉनची दोरी बांधावी आणि ती विजेच्या तारेपासून दूर असावी.

प्रत्येक घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यावा. त्यावर तपासणीचे एक लहान बटन असते. ते दर महिन्यास दाबून पाहावे. दाबताच वीज तुटली तर साधन चालू आहे असे समजावे. हा खर्च एकदाच करावयाचा असून तो एका दुभत्या जनावराच्या किंमतीपुढे नगण्य आहे. पंपाकरिता कोणत्या क्षमतेचे साधन बसवावे, हे परवानाधारक विद्युत ठेकेदारास विचारून ठरवावे.

कार्यालय, शाळा व दूध संकलन केंद्र

ग्रामपंचायतीचे कार्यालय, सोसायटी, शाळा व दूध संकलन केंद्र या ठिकाणी आता संगणक, छपाई यंत्र, वजनकाटा, इन्व्हर्टर इत्यादी साधने आली आहेत. मूळ इमारतीत एक दिवा व एक पंखा यांसाठी केलेल्या तारांवर ही सर्व साधने चालविली जातात. एका प्लगावर एक जोडपट्टी, तिच्यावर दुसरी, याप्रमाणे भार वाढत जातो. अशा पट्टीवर हीटर किंवा विजेची शेगडी कधीही लावू नये. टेबलाखाली तारांचा गुंता झालेला असतो. त्यात धूळ साचते, पाय अडकतात, आणि कोणती तार कशाची हे कोणालाच सांगता येत नाही.

हा गुंता सोडविण्याचे काम एका सुटीच्या दिवशी होण्यासारखे आहे. प्रथम मुख्य बटन बंद करावे व सर्व प्लग काढावेत. निकामी तारा वेगळ्या करून काढून टाकाव्यात. राहिलेल्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी लावून त्यावर साधनाचे नाव लिहावे. विजेच्या तारा एका बाजूने व दूरध्वनीच्या आणि संगणकाच्या माहितीवाहक तारा दुसऱ्या बाजूने न्याव्यात. जास्तीची लांबी सैल घड्या घालून पट्टीने बांधावी. गाठ मारू नये. जोडपट्टी जमिनीवर न ठेवता टेबलाच्या पायाला किंवा भिंतीला स्क्रूने बसवावी, म्हणजे फरशी धुताना ती भिजत नाही. सतरंजीखालून तार नेऊ नये. चालणाऱ्यांच्या पायांनी ती चेंगरते व आतल्या आत तापत राहिली तरी दिसत नाही. जाण्यायेण्याच्या वाटेवर तार न्यावीच लागली तर तिच्यावर पक्की पट्टी बसवावी.

सौर पंपाच्या तारा

पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर अनेक शेतांवर सौर पंप आले आहेत. सौर पटलांच्या तारांत एक गोष्ट वेगळी आहे. सूर्यप्रकाश आहे तोवर पटलांतून वीज निर्माण होतच राहते. पंपाचे बटन बंद केले तरी पटलापासून बटनापर्यंतच्या तारा जिवंतच असतात. शिवाय ही वीज एकाच दिशेने वाहणारी असल्यामुळे चालू भारावर जोड उपसला असता पडणारी ठिणगी लवकर विझत नाही. म्हणून हे जोड स्वतः उघडू नयेत. तारा पटलाखालच्या चौकटीला उन्हात टिकणाऱ्या पट्ट्यांनी बांधलेल्या आहेत, लोंबत नाहीत व पत्र्याच्या धारेवर घासत नाहीत, एवढे शेतकऱ्याने पाहत जावे. पटलाखाली वाढलेले गवत काढावे. परंतु विळा चालविताना तारांची जागा आधी पाहून घ्यावी.

काय करू नये

वाहिनीवर आकडा टाकून वीज घेणे हा विद्युत अधिनियम, २००३ अन्वये गुन्हा आहे, आणि तो टाकणाऱ्याच्या जिवाशीही खेळ आहे. डीपीवरील फ्यूज उडाला असता तो स्वतः घालण्यासाठी चढू नये. खालचे बटन उघडलेले दिसले तरी वरच्या बाजूस उच्चदाबाची वीज असते. असा बिघाड १९१२ ह्या क्रमांकावर कळवावा.

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात सरळ विजेची तार सोडणे हे तर सर्वथा निषिद्ध आहे. त्या तारेने शेजारचा शेतकरी, त्याची मुले, किंवा तार लावणारा स्वतःच मरण पावल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. कुंपणासाठी क्षणाक्षणाला अल्प झटका देणारे मान्य यंत्रच वापरावे व तेथे सूचनेचा फलक लावावा.

वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच पुष्कळांनी बसविला आहे. रात्रीच्या खेपा वाचतात हे खरे. पण वीज गेली आहे असे समजून जोड दुरुस्त करीत असलेल्या माणसाच्या हातात ती अकस्मात परत येते. दुरुस्तीपूर्वी ऑटो स्विच व मुख्य बटन ही दोन्ही बंद करावीत, फ्यूज काढून खिशात ठेवावेत, व टेस्टरने तपासल्याखेरीज तारेला हात लावू नये. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये.

अपघात घडल्यास

तारेला चिकटलेल्या माणसास हाताने ओढू नये. प्रथम मुख्य बटन बंद करावे. ते दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या बांबूने अगर लाकडाने तार बाजूस सारावी. हा उपाय घरातील किंवा पंपाच्या जोडणीपुरताच आहे. उच्चदाबाची वाहिनी तुटून पडली असेल तर तिच्याजवळ जाऊ नये. वितरण कंपनीकडून वीज बंद करवून घ्यावी व तोवर इतरांस दूर ठेवावे. माणूस सुटल्यावर त्याचा श्वास चालू नसेल तर त्याला उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवावेत व मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत दाब देणे थांबवू नये. अपघाताची खबर पोलीस, वितरण कंपनी व विद्युत निरीक्षक यांस त्वरित द्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

हे काम नुसत्या भाषणाने होणारे नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस पडण्यापूर्वी, कार्यकर्त्यांनी गावातील वायरमनला बरोबर घेऊन एक फेरी करावी. प्रत्येक विहिरीवर चार गोष्टी पाहाव्यात: केबल जमिनीवर आहे काय, जोड उघडा आहे काय, पेटीत पाणी शिरण्यास वाव आहे काय, आणि अर्थिंगची तार अखंड आहे काय. मोटर व केबल यांचे आवरण मेगर ह्या साधनाने तपासून घ्यावे. ते किमान १ मेगओहम भरावे. ज्याच्या येथे दोष आढळेल त्याला तो तेथल्या तेथे दाखवावा व पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावे. घरोघरी कपड्यांच्या तारेची चौकशी मात्र घरातील स्त्रियांकडेच करावी, कारण त्या तारेशी त्यांचाच रोजचा संबंध असतो. शाळेतील मुलांना ईएलसीबीचे बटन दाबून दाखविल्यास ती घरी जाऊन वडिलांना त्याविषयी विचारल्याशिवाय राहत नाहीत.

वेळ नाही, ही सबब या कामी पुष्कळ ऐकावयास मिळते. एका विहिरीवरील केबल उचलून खांबावर टांगण्यास अर्धा दिवस लागतो, आणि एक जोड नीट बांधण्यास अर्धा तास. पूर्वी नाडा पाहिल्याशिवाय मोट सोडावयाची नाही, असा शिरस्ता होता. आता केबल पाहिल्याशिवाय मोटर सुरू करावयाची नाही, असा शिरस्ता प्रत्येक मळ्यात पाडावयास हवा. तो पडला, तर रात्री पाणी धरावयास गेलेला माणूस सकाळी सुखरूप घरी परत येईल, अशी खात्री त्याच्या घरच्यांना बाळगता येईल.